उद्योजकता शिकवताना इतिहास आणि नीती वर्गात कशी आणता? माझी पद्धत सांगते, तुमची भर हवी आहे

वारणाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार.

सांगली जिल्ह्यातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी एमबीएच्या मुलांना उद्योजकता शिकवते. वर्गातली बरीच मुलं धंद्याच्या घरातली. कुणाचे इचलकरंजीत यंत्रमाग, कुणाची मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत, कुणाचं तालुक्याच्या गावी हार्डवेअरचं दुकान. पाठ्यपुस्तकाचा क्रम ठरलेला असतो: उद्योजकाचे गुण, प्रकल्प अहवाल, भांडवल उभारणी, सरकारी योजना आणि सगळ्यात शेवटी 'व्यवसायातील नीतिमूल्ये'. परीक्षा तोंडावर आली की ते शेवटचं प्रकरण उरकायचं, मुलांनी पाच मुद्दे पाठ करायचे आणि विषय संपला. मला हे पटत नव्हतं. धंद्यात नीतीचा प्रश्न शेवटच्या आठवड्यात येत नाही, तो पहिल्या उधारीपासून येतो. म्हणून त्या प्रकरणाचे तास मी सबंध सेमिस्टरभर वाटून टाकले आणि त्यासाठी इतिहासाचा आधार घेतला.

पद्धत अशी. मुलांना गोष्ट सांगत नाही, कागद देते. कागदावर एक तारीख असते आणि त्या तारखेला लोकांना जेवढं ठाऊक होतं तेवढाच मजकूर. पुढं काय झालं ते नसतं. मोबाइल माझ्या टेबलावर आणून ठेवायचे, कारण नाव टाकलं की क्षणात शेवट कळतो आणि मग विचार करायला काही उरत नाही.

पहिला कागद १८६४ च्या अखेरचा. तुम्ही मुंबईतले कापसाचे दलाल आहात. अमेरिकेत यादवी युद्ध चालू आहे, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झालीय, इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, त्यामुळं आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आलाय. त्या पैशावर मुंबईत नव्या बँका, नव्या कंपन्या निघतायत. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेलाय. बँक ऑफ बॉम्बेला १८६३ च्या कायद्यानं शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मुभा मिळालीय. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलतो, आणि याच वर्षी त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी मोठी देणगी दिलीय. तुमच्या गाठीला २०,००० रुपये आहेत. काय कराल?

बहुतेक गट शेअर घेतात. वाद होतो तो किती घ्यायचे यावर. यंदा एका मुलीनं कागद पुन्हा वाचला आणि विचारलं, "मॅडम, बँक शेअरवर कर्ज देते, लोक त्या कर्जातून परत शेअरच घेतात. मग यात खरा पैसा कुणाचा आहे?" तिच्या गटातला मुलगा उठून फळ्यावर बाण काढायला लागला. बँकेकडून दलालाकडे, दलालाकडून कंपनीकडे, कंपनीची ठेव परत बँकेत. बाण जिथून निघाला तिथंच येऊन टेकला. त्या गटानं २०,००० मधले १५,००० काढून घेतले आणि कापसाच्या गाठी रोखीनं घ्यायचं ठरवलं. (कापूसही पुढं पडलाच, पण गाठी तरी हातात राहिल्या असत्या.)

मग दुसरा कागद. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, कापूस गडगडला. १ जुलै १८६५ हा वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस. त्या दिवशी बाजारात देणं सगळ्यांचं होतं आणि पैसा कुणाकडेच नव्हता. पेढ्या बुडाल्या, पुढं बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या माणसाचीही कमाई यात गेली.

तिसरा कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. स्थळ लंडन, तेच साल. तुमचं वय २६. घरच्या पेढीनं तुम्हाला तिकडं पाठवलंय आणि ज्या कागदपत्रांच्या भरवशावर गेलात त्यांना आता रद्दीची किंमत आहे. घेणेकरी दारात आले आहेत. पहिली वाट, थोडी मुदत मागून पुढचं जहाज पकडायचं. दुसरी, ओळखीच्या दोघातिघांचं आधी भागवायचं. तिसरी, सगळ्या वह्या टेबलावर ठेवायच्या. वर्गातली मुलं त्याच वयाची असतात, त्यामुळं इथं चर्चा फार खरी होते. अडत्याचा मुलगा ठामपणे दुसऱ्या वाटेच्या बाजूनं बोलतो, कारण बाजारात तसंच चालतं हे त्यानं पाहिलेलं असतं. त्यानंतर मी सांगते की हा तरुण म्हणजे जमशेटजी टाटा. त्यांनी हिशेब उघडा केला आणि घेणेकऱ्यांनी त्यांनाच महिना २० पौंडांवर पेढीचं देणं-घेणं मिटवायला नेमलं.

इथं थांबलं तर ती बोधकथा होईल. म्हणून चौथा कागद. टाटांचं घर सावरलं ते ॲबिसिनियावर (आजच्या इथिओपियावर) निघालेल्या ब्रिटिश फौजेला रसद पुरवण्याच्या ठेक्यातून, म्हणजे लढाईच्या पैशातून. आणि १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर याच माणसानं कामगारांसाठी पेन्शन फंड आणि अपघाताची भरपाई सुरू केली, तेही कायदा मागं लागलेला नसताना. एका माणसाच्या आयुष्यात हे सगळं आहे. मुलांनी ते सगळंच्या सगळं बघावं, निवडून नको.

आता तुमच्याकडून हवंय ते असं: मराठी मुलखातली अशी आणखी प्रकरणं सुचवा. अट एकच, त्यात कुणाला तरी नेमक्या वेळी नेमका निर्णय घ्यावा लागलेला असावा. नुसती यशोगाथा नको.

---

एडिसनचा_गुहागरकर | सोमवार, रात्री ११:१५

फार छान धागा. नीतीचं वेगळं प्रकरण कामाचं नाही, याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या गावाशेजारीच आहे. एन्रॉन, अमेरिकेतली ऊर्जा कंपनी. २००० साली तिनं आपल्या नोकरांना ६४ पानांची नीतिसंहिता वाटली होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

आम्हा गुहागरकरांना एन्रॉन कळली ती दाभोळच्या प्रकल्पामुळं. १९९३ चा वीज खरेदी करार, १९९५ मध्ये सरकार बदलल्यावर तो रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद. विजेचा दर डॉलरशी बांधलेला, आणि वीज उचलली नाही तरी राज्याच्या वीज मंडळानं ठराविक पैसे मोजायचे. अंजनवेल-वेलदूरच्या लोकांनी मोर्चे काढले, मार खाल्ला. तुमच्या पद्धतीनं कागद करायचा तर १९९३ सालचा करा आणि मुलांना वीज मंडळाच्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवा. राज्यात भारनियमन आहे, परदेशी कंपनी पैसा घेऊन दारात आलीय, वरून दबाव आहे. सही करणार का?

पहिल्या_सेमचा | मंगळवार, सकाळी ८:०५

मॅडम, मी विद्यार्थी आहे, म्हणून मोकळेपणानं विचारतो. वाचायला खूप आवडलं, पण आम्हाला नोकरीच्या मुलाखतीत किंवा गुंतवणूकदारासमोर १८६५ कुणी विचारत नाही. बाजारपेठ केवढी, ग्राहक मिळवायचा खर्च किती, नफ्यात कधी येणार, हे विचारतात. या कागदांमध्ये गेलेले तास मॉडेल बनवण्यात गेले असते तर जास्त उपयोग झाला नसता का?

वारणाकाठ | मंगळवार, दुपारी १:३०

@एडिसनचा_गुहागरकर, दाभोळ घेतेच. अधिकाऱ्याची खुर्ची ही कल्पना उत्तम आहे, कारण आमची मुलं नेहमी मालकाच्याच खुर्चीत बसतात.

@पहिल्या_सेमचा, प्रश्न रास्त आहे आणि वर्गातही दरवर्षी येतो. मॉडेल आम्हीही करतो, एक्सेलच्या शीटसकट. पण बघ, बॅकबे कंपनीचं मॉडेलही कागदावर चोख होतं. मुंबईत जागा कमी, मागणी वाढती, समुद्रातून जमीन निघणार. यातला एकही आकडा खोटा नव्हता. चुकीचं होतं ते गृहीतक, की आज मिळतोय तोच भाव पुढंही मिळत राहील. तुझ्या शीटमधल्या 'वार्षिक वाढ' या रकान्यात तू कुठला आकडा टाकतोस आणि का, हे विचारायला मी तुला १८६४ मध्ये नेते. गुंतवणूकदारही नेमकं तेच विचारणार आहे.

दुसरं असं की आजच्या कंपन्यांची उदाहरणं घेतली की मुलं आपापल्या आवडत्या संस्थापकाच्या बाजूनं भांडायला लागतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल ती मन मोकळं ठेवून बोलतात आणि बोलता बोलता स्वतःच्या घरच्या दुकानावर येतात. ते मला हवं असतं.

मांडवीतीर | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

पणजीहून लिहितोय. मुंबईच्या व्यापाराचा इतिहास शिकवायचा तर अफू टाळून चालणार नाही. माळव्याची अफू, मुंबई आणि दमणची बंदरं, तिथून चीन. सर जमशेटजी जीजीभॉय यांची मोठी कमाई या व्यापारातली, आणि त्यांच्या भागीदारांत गोव्याच्या मुळाचे रोजेरिओ दे फारिया होते. इंग्रजांची जकात चुकवायला दमणची वाट सोयीची पडायची.

आता याच जीजीभॉयांच्या नावानं जे. जे. रुग्णालय आहे, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. माहीमचा कॉजवे त्यांच्या पत्नी आवाबाईंनी १,५७,००० रुपये देऊन बांधून घेतला, आणि तिथं टोल घेऊ नये असं ठरवून घेतलं. १८३९ मध्ये चीनच्या अधिकाऱ्यानं कँटनजवळ वीस हजारांवर पेट्या अफू नष्ट केली तेव्हा त्यात मुंबईकरांचाही माल होता. मग दानाचं काय करायचं? मुलं काय म्हणतात, हे ऐकायला मला खरंच आवडेल.

आणि एक जवळचं प्रकरण सुचवतो. गोव्यातलं खाण बंद होणं. बेकायदा खाणकामावरचा शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द ठरवल्यावर पुन्हा थांबल्या. खाणमालकांबद्दल सगळे बोलतात. पण डिचोली-सांगेकडं ज्यानं कर्ज काढून खनिज वाहायचा टिपर घेतला, तोही उद्योजकच होता. त्याच्याच गावातल्या शेतात लाल चिखल उतरत होता आणि विहिरी आटत होत्या. त्यानं २०१० साली दुसरा टिपर घ्यायचा की नाही? माझ्या नात्यात असा टिपरवाला आहे. त्यानं घेतला.

वारणाकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

@मांडवीतीर, टिपरवाल्याचा कागद मी या आठवड्यातच लिहायला घेणार आहे. मोठा मालक आणि पीडित गाव यांच्या मध्ये उभा असलेला माणूस आमच्या पुस्तकांत कुठंच भेटत नाही.

अफूच्या पैशाबद्दल वर्गात मी एक धागा दाखवते. कोल्हापूर-सांगलीकडं किर्लोस्करांचं नाव घरोघरी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर तरुणपणी चित्रकला शिकायला मुंबईला गेले ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच, आणि त्या शाळेचा पाया जीजीभॉयांच्या १ लाखाच्या देणगीवर घातलेला. रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून त्यांचं रंगकाम सुटलं, पण यंत्रचित्रणाचा हात बसला. तोच पुढं उपयोगी पडला.

मुलांचे यावर दोन तट पडतात आणि ते मला जुळवायचे नसतात. मी एवढंच करायला लावते की पैसा कुठून आला आणि कुठं गेला हे दोन्ही बाजूंनी लिहायचं, जमाखर्चाच्या वहीसारखं, पण बेरीज मारायची नाही. चीनमधल्या अफूबाजाचं घर आणि मुंबईतल्या रुग्णालयाची खाट या दोन नोंदी एकमेकींतून वजा होत नाहीत. जमेचे आकडे भरभरून लिहिणाऱ्या मुलांना खर्चाची बाजू भरताना खूप वेळ लागतो, कारण तिथल्या माणसांची नावं कुठं मिळत नाहीत. ते शोधणं हाच त्या दिवसाचा गृहपाठ.

किर्लोस्करवाडी आमच्याकडून जवळ, म्हणून दरवर्षी मुलांना घेऊन जाते. बेळगावातून नगरपालिकेनं जागा खाली करायला लावली आणि औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन दिली, त्यातून १९१० साली माळावर वस्ती उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि सुरुवातीचे नांगर खपायला फार वेळ गेला. मुलांना हे विक्रीचं उदाहरण म्हणून लगेच आवडतं. मी मात्र त्यांना राखणदारांपाशी थांबवते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी कारखान्याच्या राखणीला नेमलं होतं. आज तुमच्या वडिलांच्या गोडाउनची किल्ली तुम्ही अशा माणसाच्या हाती द्याल का? नाही म्हणणाऱ्याला मी वाईट ठरवत नाही. पण का नाही, हे त्यानं त्या जागेवर उभं राहून सांगायचं.

गिरणगाव | बुधवार, सकाळी ७:३०

ताई, सगळं वाचलं. टाटा, जीजीभॉय, किर्लोस्कर. सगळे मालक. एम्प्रेस मिलचं कौतुक जरूर सांगा, पण त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत काय चाललं होतं तेही कागदावर येऊ द्या.

नारायण मेघाजी लोखंडे. फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडं दिला. मागण्या वाचा: आठवड्यातून रविवारची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. माझे पणजोबा शिवडीकडच्या गिरणीत होते, त्यांच्या वडिलांच्या वेळी सुट्टी फक्त सणाला, नाहीतर यंत्र बंद पडलं तर.

तुमच्या मुलांना १८८४ सालच्या गिरणीमालकाच्या खुर्चीत बसवा. रविवार दिला तर सातातला एक दिवस उत्पादन बंद, शेजारच्या गिरणीनं दिला नाही तर माल तिचा स्वस्त. एकटा मालक चांगला वागायला गेला तर मार खातो. मग सगळ्यांनी मिळून द्यायची सुट्टी की कायद्याची वाट बघायची? गिरणीमालकांचा संघ तर १८७५ पासून होताच.

आणि उद्योजक म्हणजे फक्त कारखानदार का? गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका कुठं बसवणार? माझी आजी लालबागला खानावळ चालवायची. एका खोलीत चूल, दोन पाळ्यांची जेवणं, महिन्याच्या पगारावर सगळी उधारी. भांडवलासाठी सावकार, व्याज पठाणी. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी. आजीकडं जेवणारी पोरं येत राहिली, पगार कुणालाच नव्हता. जेवण चालू ठेवायचं की बंद करायचं? किती दिवस? हा कागद तुम्ही लिहा, माहिती मी देतो. आजीची उधारीची वही आईनं जपून ठेवलीय. प्रत्येक पानावर नाव, गाव, पाळी आणि जेवणाच्या रेघा. संपातल्या महिन्यांत रेघा आहेत, जमा नाही.

वारणाकाठ | बुधवार, दुपारी २:१०

@गिरणगाव दादा, त्या वहीची दोन पानं, नावं झाकून, वर्गात दाखवायला मिळाली तर मी तुमची ऋणी राहीन. कुठल्याही केस स्टडीत मी इतकं नेमकं काही पाहिलेलं नाही. आजी सावकाराला काय सांगत होत्या, तेही आईंना आठवत असेल तर जरूर विचारा. एका बाजूला जेवणारी पोरं, दुसऱ्या बाजूला व्याज, आणि मध्ये एकटी बाई. मुलांना ताळेबंद वाचायला शिकवायचं असेल तर याहून चांगलं साधन नाही.

लोखंड्यांचा अर्ज मी वापरते, पण मागण्यांची यादी म्हणून. तुम्ही शेजारच्या गिरणीचा मुद्दा घातलात त्यानं प्रश्न खूप पुढं गेला. पुढच्या सेमिस्टरला वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाला एकेक गिरणी देते. एकमेकांशी न बोलता, चिठ्ठीवर लिहून ठरवायचं: रविवार देणार की नाही. मग चिठ्ठ्या उघडून सगळ्यांना एकत्र बोलू द्यायचं आणि पुन्हा चिठ्ठ्या घ्यायच्या.

जुना_ग्रंथपाल | बुधवार, रात्री ८:४५

लोखंड्यांचं नाव निघालं म्हणून फुल्यांची आठवण करून देतो. जोतीराव हे स्वतः व्यावसायिक होते, ही बाजू व्यवस्थापनाच्या वर्गात क्वचितच येते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांची. सरकारी बांधकामांची कंत्राटं त्यांनी घेतली, कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचा संबंध होता. त्यामुळं बांधकाम खात्यातली टक्केवारी त्यांनी आतून पाहिली, आणि 'गुलामगिरी'त (१८७३) तिच्यावर पद्यात लिहिलं. म्हणजे ज्या खात्याकडून बिलं निघायची त्याच खात्याबद्दल छापून बोलायचं. आजच्या कंत्राटदाराच्या मुलाला हा कागद द्यावा आणि तो काय करील ते विचारावं.

आणि भांडवल उभारणीसाठी पैसा फंड. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एकेक पैसा गोळा केला, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं होते. हजारो अनोळखी माणसांचा एकेक पैसा तुमच्याकडं आहे आणि भट्टी पहिल्या फटक्यात नीट चालत नाही. हिशेब कुणाला द्यायचा, कसा द्यायचा? आज ऑनलाइन वर्गणीवर धंदा काढणाऱ्यांपुढं हाच प्रश्न आहे.

विद्यापीठांतल्या परंपरेबद्दल थोडं: हार्वर्डला व्यवसायाच्या इतिहासाचं अध्यासन १९२७ पासून आहे. आपल्याकडं अहमदाबादच्या आयआयएममध्ये द्विजेंद्र त्रिपाठी यांनी हा विषय रुजवला. मराठीत मात्र उद्योजकांची चरित्रं भरपूर आणि कंपन्यांची दफ्तरं कुणी उघडत नाही, अशी स्थिती आहे. जुन्या गिरण्यांची, पेढ्यांची कागदपत्रं भंगारात जाताना मी पाहिली आहेत. तुमच्या मुलांच्या घरी जुन्या कीर्दी-खतावण्या असतील तर त्या आधी जपायला सांगा.

रोखठोक_बेळगाव | गुरुवार, सकाळी ९:२०

मला एक मूलभूत शंका आहे. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला नीती शिकवता येते का? ती घरात झालेली असते किंवा नसते. वर्गात सगळे तिसरी वाट निवडतील, वह्या उघडतील, कारण मॅडमना तेच उत्तर हवंय हे त्यांना कळतं. मार्क तुमच्या हातात आहेत. बाहेर पडल्यावर पहिल्या जीएसटीच्या नोटिशीला काय करतात ते बघा.

वारणाकाठ | गुरुवार, दुपारी ३:००

@रोखठोक_बेळगाव, मार्कांचा मुद्दा अगदी बरोबर ओळखलात. म्हणूनच निवडीला मार्क नाहीत. मार्क दोन गोष्टींना: तुमच्या निर्णयाचा पैशातला परिणाम तुम्ही मांडलात का, आणि तो कुणाकुणावर पडतो त्या सगळ्यांची नावं घेतलीत का. मुदत मागून जहाज पकडणाऱ्या गटानंही, घेणेकऱ्यांचं पुढं काय होईल हे नीट लिहिलं, तर त्याला पूर्ण मार्क मिळतात. मागच्या बॅचमध्ये मिळालेही आहेत.

घरात झालेली नीती बदलता येते असा माझा दावा नाही. पण घरात धंद्याचे निर्णय मुलांसमोर होत नाहीत. वडील फोन घेऊन बाहेर ओट्यावर जातात. कामगाराला कमी का दिलं, बिल दोन प्रकारचं का केलं, हे मुलाला कुणी सांगत नाही, आणि एके दिवशी गल्ला त्याच्याकडं येतो. त्याआधी एकदा तरी त्यानं असा निर्णय चारचौघांत, कारणं देऊन घ्यावा, एवढ्यासाठी हे तास आहेत. तो पुढं काय करील याची हमी मी देऊ शकत नाही. आपण काय करतोय हे त्याला कळत असेल, एवढं मात्र मला हवं आहे.

भट्टीवाला | गुरुवार, रात्री ११:३०

आत्ता शिफ्ट संपवून वाचतोय. कोल्हापूरला आमची फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे, ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग करतो. मॅडम, तुम्ही सगळं जुनं घेताय, चांगलंच आहे, पण आमच्या धंद्यातला नीतीचा एकच प्रश्न खरा, तो म्हणजे पेमेंट.

२००६ च्या एमएसएमई कायद्यात लिहिलंय की लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. आता प्राप्तिकरातही आणलंय, वेळेत दिले नाहीत तर त्या वर्षी खर्च धरायला मिळत नाही. कायदा सगळा माझ्या बाजूनं आहे. पण आमची एक मोठी गिऱ्हाईक कंपनी आहे, तिच्याकडून पैसे यायला तीन-चार महिने लागतात. माल गेटवर उतरला तरी 'इन्स्पेक्शन बाकी आहे' म्हणून बिल सिस्टिमला चढवत नाहीत, म्हणजे ४५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. तक्रार केली तर पुढची ऑर्डर शेजारच्याला. त्यांच्या वेबसाइटवर नीतीचं पान आहे, मी वाचलंय.

आता खरी गोष्ट पुढं आहे. माझे पैसे अडकले की मी वाळूवाल्याचे अडकवतो. वाळूवाला डंपरवाल्याचे. वीजबिल थकवता येत नाही, वीज तोडतात. पगार थकवला तर मोल्डर (साचे करणारा कामगार) दुसऱ्या दिवशी शिरोलीला दुसऱ्या भट्टीवर दिसतो. म्हणून शेवटी जो बोलू शकत नाही त्याचेच पैसे राहतात. तुमचा कागद करायचा तर असा करा: तारीख ३१ मार्च, खात्यात ४ लाख, देणी ९ लाख. पगार, वीज, पिग आयर्नवाला (कच्च्या लोखंडाचा), वाळूवाला, आणि बँकेचा हप्ता. कुणाला किती?

वारणाकाठ | शुक्रवार, सकाळी ७:१५

@भट्टीवाला दादा, तुमची पोस्ट उद्या पहिल्या तासाला वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? ९ लाखांची फोड तुम्हीच करून द्या, खऱ्याजवळची. मुलांना मी ४ लाख वाटायला लावीन, आणि मग प्रत्येक गटातल्या एकाला वाळूवाला करून फोन करायला लावीन. समोरच्यानं फोन उचलायचा आणि उत्तर द्यायचं.

एक विनंती आहे. लोखंड्यांच्या मागण्यांत पगार १५ तारखेच्या आत द्या ही मागणी होती, तुमच्या कायद्यात ४५ दिवस आहेत. हे दोन्ही कागद मला एकाच दिवशी, तुमच्या भट्टीवर उभं राहून वापरायचे आहेत. तीसेक मुलं घेऊन आलो तर जमेल का? वाळूवाल्या दादांनाही बोलावता आलं तर फार बरं होईल. त्यांचं म्हणणं मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं.

भट्टीवाला | शुक्रवार, दुपारी १२:४०

वाचून दाखवा, काही हरकत नाही. फोड संध्याकाळी टाकतो.

पुढच्या शनिवारी आणा मुलांना, भावाला सांगून ठेवतो. वाळूवाल्याला फोन केला, तो येतो म्हणाला, पण त्याचे मागचे दोन महिने आधी भागवा म्हणाला. ते मी पुढच्या शुक्रवारपर्यंत करतो. ओतकाम दुपारी तीननंतर असतं, तेव्हा अडीचला पोहोचा. मुलांना सुती कपडे आणि बंद बूट घालून यायला सांगा, नायलॉनचं काही नको, ठिणग्या उडतात. तीस एकदम आत घेता येणार नाहीत, पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या करू.